राजूचे अप्पा

शकुबाई : हात चालू ठेव. चिक्की भर पाकिटात आनि तोंडानं सांग. मालिकंतल्या अप्पांनी मुरदुलाची पिशवी उचलली व्हती का न्हाई?

राजेश्वरी : कुठली पिशवी, मावशी?

शकुबाई : कुठली म्हनती बघ. मनानं लगीन केल्याली पोर पहिल्या बाळंतपनाला माहेरी आली, पिशवी घिऊन फाटकात उभी, अप्पा ओसरीवर बसल्यालं. नाताळात हितंच बसून सांगितलंस मला. अप्पा उठलं, पिशवी काखंत मारली आनि म्हनलं, "उनात कशापायी उभी, आत ये."

आरती : असं कधी झालं? अप्पांनी पिशवी पायानं बाहेर ढकलली आणि फाटकाला कडी घातली. मी त्या दिवशी जेवले नव्हते, एवढा राग आलेला.

राजेश्वरी : आरती, तुझी तिळाची पाकिटं राहिलीत बघ.

आरती : माझी झाली कधीच, राजूताई.

शकुबाई : राजे, माज्याकडं बघ. काल आमी 'वेशीवरलं घर'चा शेवटचा भाग बघितला.

राजेश्वरी : कुठं? तुमचा टीव्ही तर दोन वर्षांमागं विजेनं जळाला.

शकुबाई : माज्या लेकीच्या, चिंगीच्या मोबाइलवर. दिवाळीपास्नं आलीय ना ती, बाळाला घिऊन. पानवठ्याच्या वरल्या खडकावर रेंज येती. साडेसातला समदी वाडी तितं बसली, मोबाइल हंड्याला टेकवून. मी आपली ऐटीत सांगतीय, आता बगा, अप्पा नातवाला खांद्यावर घिऊन येतील. आनि आली कोन? मुरदुला. आठ वर्सांनी, बापाच्या फाटकाशी, चोरावानी. समदी वाडी माज्या तोंडाकडं बघाया लागली.

राजेश्वरी : (हातातलं पाकीट खाली ठेवून) कान्हूबाबा पण होते तिथं?

शकुबाई : आमचा म्हातारा सगळ्यांच्या पुढं.

राजेश्वरी : मेले मी. काय म्हणाले?

शकुबाई : त्ये मागनं. आदी तू बोल.

राजेश्वरी : काय बोलू? नाताळची गर्दी होती, आठवा. सकाळी सातला बसायचो ते रात्री उठायचो. त्या दिवशी लवकर सुटले, मालिका लावली, जाहिरात लागली आणि तिथंच डोळा लागला. उठले तर बातम्या चालू. सकाळी तुम्ही तासभर डोंगर उतरून आलात, अजून पदरानं तोंड पुसताय, आणि पहिला प्रश्न तोच, काय झालं गं काल? आता झोपले म्हणून कसं सांगू? म्हटलं, बाप आहे, पिशवी उचललीच असेल. म्हणून सांगून टाकलं.

आरती : मग नंतर तरी खरं सांगायचं.

राजेश्वरी : अगं, दुपारी जेवायला घरी गेले तर तोच भाग परत लागलेला. बघते तर पिशवी बाहेर, कडी आत. रात्रभर ठरवलं, सकाळी सांगायचं. सकाळी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, म्हातारा पहाटे बेगडेवाडीला गेला चिंगीला आणायला.

आरती : थांबा, चिंगीला आणायला म्हणजे? त्या दोघांत बोलणंच नव्हतं ना?

शकुबाई : दोन वर्सं न्हवतं. आमाला न इच्यारता लगीन केलं तिनं हृतिकसंगं. म्हाताऱ्यानं घरात तिचं नाव काडू दिलं न्हाई. मी भाकऱ्या थापताना रोज त्येला मालिका सांगायची. राजूनं मला सकाळी सांगायची, मी त्येला सांजंला. त्यो म्हनायचा, बायकांना याड लागलंय. पन चिलीम इझली तरी उठायचा न्हाई. त्या दिशी पिशवीचं सांगितलं, तर अर्धी भाकर ताटातच ऱ्हायली. पहाटं बघते तर म्हातारा कांबळं घिऊन दारात. म्हनला, "चिंगीला सातवा लागला असंल. पहिलं बाळंतपन माहेरी व्हतं."

आरती : आणि घेऊन आले?

शकुबाई : आनली की. डोंगर चढताना तिची पिशवी सोताच्या खांद्यावर. वाटंत वाडीतला दत्तोबा भेटला, त्यो म्हनला द्या मी धरतो, तर त्येलाबी दिली न्हाई.

राजेश्वरी : आता मला सांग आरती, मी कुठल्या तोंडानं सांगू, की अप्पांनी कडी घातली? पोरगी सातव्या महिन्यात, बाप नुकताच वळलेला. म्हटलं, जाऊ दे, बाळंतपण होईपर्यंत चालवू.

आरती : म्हणजे रोज सकाळी मी यायच्या आधी, अकरा महिने तुम्ही मावशींना वेगळीच मालिका सांगताय?

राजेश्वरी : अकरा महिने. खरी बघायची, तिच्यातलं चालेल तेवढं घ्यायचं, उरलेलं भात रांधताना जुळवायचं. त्यात त्या मेल्यांनी मालिका आठ वर्षं पुढं नेली. टीव्हीत मृदुलाचं पोरगं दप्तर घेऊन शाळेत चाललंय, आणि मी इथं अजून पाळणा हलवतेय. नवरा म्हणाला, तू भातात मीठ विसरायला लागलीस.

शकुबाई : मग अप्पांनी पाळन्याची दोरी वळली, त्ये?

राजेश्वरी : ते आमचे सुदुंबऱ्याचे आबा, माझ्या आईचे वडील. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी त्यांनी वळली होती.

शकुबाई : अगं बया. आमच्या म्हाताऱ्यानं त्यापायी घायपात कुजवून दोरी वळली. हात सोलपटलं त्येचं. आनि बारशाला अप्पांनी नातवाचं नाव सत्यम ठिवलं, त्ये तरी खरं का?

राजेश्वरी : ते... ते पण मीच.

आरती : अहो, पण चिंगीच्या बाळाचं नाव सत्यम आहे ना?

शकुबाई : हाये की. थापंतनं आल्यालं नाव, आनि ठिवलंय काय तर सत्यम.

आरती : आई गं, पोट दुखायला लागलं माझं. राजूताई, तुम्ही त्या मालिकावाल्यांकडं जायला पाहिजे होतं.

राजेश्वरी : गेले असते तर असला शेवट केला नसता. चार वर्षं बघितली मी ती मालिका. गणपतीची आरती पुढं ढकलून बघितली. आणि शेवटी काय, तर अप्पांना काही आठवतच नाही. लेक समोर उभी, आणि विचारतात, "ताई, तुम्ही कुणाच्या?"

आरती : पण मला आवडला शेवट. खरंच. फाटक कुणी उघडलं? अप्पांनीच. वर म्हणाले, "लांबून आलात, पाणी घ्या," आणि तांब्या पुढं केला. राग कशावरून होता तेच विसरले, मग राग राहिलाच कुठं? मी आणि माझी नणंद सारिका रडलो, पण बरं वाटलं रडून.

राजेश्वरी : अनोळखी बाईला कुणीही पाणी देतं. लेक म्हणून द्यायला हवं होतं.

आरती : माझ्या सासूबाई पण हेच म्हणतात. चॅनेलवाल्यांना शिव्या घालत झोपल्या. मोबाइलवर तर नुसती भांडणं चाललीत, निम्मे म्हणतात लई भारी, निम्मे म्हणतात आमची चार वर्षं परत द्या.

शकुबाई : पानी दिलं त्ये ग्वाड झालं, मी न्हाई म्हनत न्हाई. पन आठ वर्सं लावली, आनि त्येला ठावंबी न्हाई कुनाला दिलं. लेकीनं जलमभर मनाला काय सांगायचं?

राजेश्वरी : मावशी, आता कान्हूबाबांचं सांगा. चिंगीला काही बोलले नाहीत ना?

शकुबाई : मालिका सपली, पन कोन हालंना. चिंगीनं माजा हात गच्च धरल्याला. तिला म्हाईत हाये, अप्पांचं ऐकून बाप आला व्हता. म्हातारा उठला आनि खडकावरनं खाली उतरला. मला वाटलं, झालं, सपलं समदं.

राजेश्वरी : मग?

शकुबाई : पानवठ्यावरनं तांब्या भरून आनला. चिंगीच्या हातात दिला आनि म्हनला, "घे, कवाची बसलीयास."

राजेश्वरी : देवा.

शकुबाई : रडू नगं, चिक्की भिजंल. मग मी धीर केला. म्हनलं, "आवं, राजूनं आपल्याला खोटं सांगितलं. अप्पांनी पिशवी उचललीच न्हवती." तर म्हनतोय कसा, "मला ठावं हाये."

राजेश्वरी : काय?

शकुबाई : त्या दिशी बेगडेवाडीत उतरला, टेसनाभाईर टपरीवर च्या प्याला. रविवार व्हता. टपरीतल्या टीव्हीवर आठवड्याचं भाग परत दावत व्हते. अप्पांनी पिशवी ढकलल्याली त्येनं डोळ्यानं बघितली. कडी घातल्यालीबी बघितली.

आरती : आणि तरी चिंगीकडं गेले?

शकुबाई : मी त्येच इच्यारलं. म्हनला, "त्यो अप्पा बघितला आनि लाज वाटली. राजूचा अप्पा बरा व्हता."

राजेश्वरी : म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आणि रोज ऐकत बसले?

शकुबाई : रोज. एक दीस मी सांगाया इसरले तर भाकर मोडंना.

राजेश्वरी : मी इथं भातात मीठ विसरतेय. बरं, आणि जावयाला दिलं का पाणी?

शकुबाई : कुटं? हृतिक तितंच बसल्याला, पार मागं. सुट्टी बघून येतो बिचारा, अंगनातल्या दगडावर बसतो, पोराला खेळिवतो आनि जातो. म्हातारा त्येच्याशी अजून बोलत न्हाई. तांब्या घिऊन त्येच्या म्होरनं गेला, पन थांबला न्हाई.

आरती : एवढं सगळं झालं तरी?

शकुबाई : त्याला टाइम लागतो, बाई. पन निगताना आज मला काय म्हनला, सांगू? म्हनला, "राजूला इच्यारून ये, काल अप्पांनी काय केलं."

राजेश्वरी : मावशी, पण मालिका तर संपली.

शकुबाई : मीबी त्येच म्हनलं. तर म्हनला, "ती टीव्हीतली सपली. आपली चालू हाये न्हवं?"

आरती : सांगा राजूताई. मीही ऐकते. पाकिटं मी भरते तुमची.

राजेश्वरी : जरा थांबा, आठवू दे. हां. तर काल काय झालं, मावशी, सकाळी जावई आला आणि नेहमीसारखा अंगणातल्या दगडावर बसला. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं, घरात गेले, आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला.