मिसरीची डबी आणि डॉक्टरबाईंची बॅटरी

अध्यक्ष शिवमूर्ती अप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, लातूर सोडून नांदेडला निघालेल्या आमच्या दातांच्या डॉक्टर जेबाबाई आणि समोर बसलेल्या मायबहिणींनो, भावांनो, दोनदा नाव पुकारल्यावर मी उठलो, एवढा उशीर झाला, माफी असावी. आज चित्त जाग्यावर नाही. शाळाही चौथीपर्यंतच. चुकलो तर अप्पांनी खुशाल थांबवावं.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. आमच्याकडची रीत अशी, की दुखवट्याला बाई आली की चहाच्या आधी तंबाखूच्या मिसरीची डबी पुढे सरकवायची. नको म्हटलं तर अपमान. आणि तेव्हा दुखवटा नाही असं घर कुठे होतं? दिवसभर बायांची बोटं दातांवर. तिथे या डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "डबीत तंबाखूऐवजी बडीशेप ठेवा." माझी बायको कमलम्मा उसळली. "लेकरू मातीत गेलं माझं, आन तू मला बडीशेप देतीस व्हय?"

बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, रडून घ्या. मग आ करा, तोंड बघू द्या."

दात किडल्यावर उपटणारे पुष्कळ आहेत हो. किडायच्या आधी जमिनीवर येऊन बसणारं कोण असतं?

पुढे कमलम्मालाच त्यांनी बॅटरी दिली. गालातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तीन बोटंही मावू नयेत असा आखडलेला जबडा, कॅन्सरच्या आधीच्या खुणा कशा बघायच्या ते शिकवलं. आम्ही लातूरला येऊन क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढली. जागरणासाठी पोरं दाढेखाली गुटखा धरायची, वरून गोड चहा. कमलम्मा दारातच अडवायची.

"आ कर रे वीरेश. डाक्टर व्हायला आलास न्हवं? तोंडात तीन बोटं जातात का बघू."

"मावशी, हितं बी परीक्षा हाय व्हय?"

"हाय तर! हितं नापास झालास, तर भाकर गिळायची पंचाईत."

पोरं हसायची, पण पुडी फेकायची. चट्टा दिसला, की ती हात धरून बाईंकडे न्यायची.

पण दुसऱ्याच्या तोंडात बघणाऱ्या बाईचं तोंड कोण बघणार? स्वतः पहाटे मिसरी लावतच होती. टोकलं, की म्हणायची, "बघणारीला काय होतंय?" गेल्या आठवड्यात निरोपाची हुग्गी, आपली गव्हाची खीर, घेऊन दवाखान्यात गेली, तर बाई म्हणाल्या, "मावशी, आज तुम्ही आ करा." गालात चट्टा निघाला. तुकडा तपासायला नांदेडला गेलाय. बाई म्हणतात, घाबरू नका. कसा घाबरू नको?

अप्पा, आवरतो. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभात रडगाणं गायलो, पोटात घाला.

बाई, तुम्ही उद्या तिथेच जाताय. रिपोर्ट हाती आला, की मला कळवा. वाईट असलं तर... तर मला नको, आधी तिलाच सांगा. किती पोरांच्या आईबापांना तिने सांगितलंय, कसं सांगायचं ते तिला येतं. मला ती सांगेल. पण बाई, लवकर कळवा.