पाणथरी नसलेल्या माणसाचा ताप

मंडळी, भर उन्हातून आलात, शाळेच्या पडवीत दाटीवाटीनं बसलात. मला बोलायला सांगितलंय. पण आज माझ्या तोंडून गोड काही निघणार नाही, आधीच सांगते.

दत्ताराम माझा विद्यार्थी. विज्ञानात जेमतेम पास व्हायचा, पण प्रश्न विचारून जीव खायचा. चार वर्षांपूर्वी पोफळीवरून पडला. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली, मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढून टाकली. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं : थोडा जरी ताप आला तरी तडक दवाखाना गाठायचा.

आणि आपण काय केलं? तो कागद ट्रंकेच्या तळाशी टाकला! का, तर पोरीचं लग्न व्हायचंय. बाप आतून अधू हाय असं कळलं तर स्थळं यायची न्हाईत!

गेल्या महिन्यात तो माझ्या ओटीवर आला. मोतीबिंदू काढायचा होता. "बाई, पाणथरी न्हाय, तर डोळ्याला काय व्हईल काय?" म्हटलं, अरे, ते डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांग. मग समजावलं. डोळा नाजूक. आत काही परकं शिरलं आणि शरीर त्याच्यावर तुटून पडलं, तर त्या सुजेनंच नजर जायची. म्हणून डोळ्यातल्या पेशी रक्तातून पाणथरीत निरोप नेतात. तिथं या हल्ल्याला आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात. उंदरांची पाणथरी काढली तर तो आवर राहत नाही. माणसांत कितपत, ते अजून नीट कळलेलं नाही.

तो हसला. "म्हंजे घरातली शाणी म्हातारीच की! कुनाला मारायचा, कुनाला सोडायचा, तीच सांगनार."

म्हटलं, व्हय बाबा, आणि रक्तात शिरलेले जंतू गाळून मारणारीही तीच. ती तुझ्याकडे नाही. ताप आला तर थांबू नकोस.

"न्हाय थांबनार, बाई."

तो थांबला नाही, मंडळी. आपण थांबवलं त्याला!

पोरीच्या साखरपुड्याच्या सकाळी त्याला थंडी वाजून ताप आला. मला दवाखान्यात न्या, म्हणाला. भाऊ, तुम्ही त्याचे थोरले. तुम्ही म्हणालात, "पाव्हनं जाऊ दे, मंग जाऊ." गोळी दिलीत, नवा सदरा चढवलात, खुर्चीत बसवलात. पाहुणे संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी दत्ताराम गेला. मनीषा, पोरी, तुझा यात काडीचा दोष नाही. मान वर कर.

दोष आम्हा मोठ्यांचा. आणि भाऊ, तुमच्या एकट्याचा नाही. मी पहिल्या रांगेत होते. त्याचा हात हातात घेतला, नुसता भाजत होता. मला सगळं ठाऊक होतं. मला! तरी म्हटलं, चारचौघांत कशाला तमाशा. पेढा खाल्ला आणि घरी गेले.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची रीत आहे. माझ्याच्यानं होणार नाही. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण गप्पच होतो ना? पुरे झालं ते. दत्ताराम, तुला हात जोडते. आणि मंडळी, ज्यांच्या घरात असा दडवलेला कागद असेल, त्यांनी आत्ता, इथं, मोठ्यानं सांगा. ऐकल्याशिवाय मी खाली बसणार नाही.