चाखून दाखव

वत्सलाबाई: मोबाइल नंतर. पहिले सांग, हाई कढई कोठली शे? घरनी?

भूमिका: नाही आजी. शेतातलीच आहे, शेडमधल्या खुंटीवरची. चंदनकाका मित्रांना जिच्यात कोंबडी करून घालतो, तीच. घरातलं एकही भांडं मी आणलेलं नाही.

वत्सलाबाई: चंदन पुरुष मानूस शे. त्याले कोन बोलस? घरमा कापसाना फोटो काढाले जास म्हनीसन सांगं तू. धूर दिखना म्हनीसन मी उनी, ते तू आठे कोंबडीना गोळा वळी ऱ्हायनी.

भूमिका: निवडीसाठी आहे गं. ग्रीसमधल्या हॉटेलात वर्षभराचं काम. आमच्या केटरिंग कॉलेजातून दोघीच उरलोय, मी आणि नवापूरची दामिनी. त्यांच्याकडचे खिम्याचे गोळे घरूनच करून दाखवायचे, सोबत दही-काकडी. ते व्हिडिओवर बघणार. आता फोन येईलच.

वत्सलाबाई: गोळा ढिला शे.

भूमिका: ब्रेड दुधात जास्त भिजला.

वत्सलाबाई: हात वल्ला कर. मुठिया करस ना, तसा दाबीसन वळ. मी हात लावाव नही, सांगसू फक्त. मीठ कितलं टाकं?

भूमिका: अंदाजाने.

वत्सलाबाई: चाखं का?

भूमिका: कच्चा खिमा कोणी चाखत नाही, आजी.

वत्सलाबाई: अन् तळेल?

भूमिका: तेल तापलंय, जरा मागे सरक.

वत्सलाबाई: भूमिका.

भूमिका: आजवर कधीच नाही. शप्पथ. कॉलेजात माझ्या पातेल्याची चव दामिनी बघायची. मी वासावर करायचे. तू नैवेद्य करतेस ना, न चाखता? तुझ्याकडेच बघून शिकले. सरांनाही कळलं नाही कधी.

वत्सलाबाई: मंग आज बी तशीच कर.

भूमिका: आज दामिनी स्पर्धेत माझ्यासमोर आहे, माझ्यासोबत नाही. आणि ते हॉटेलवाले समोर खायला लावतात. गोळा मोडायचा, दह्यात बुडवायचा, चावायचा, आणि काय कमी पडलं ते सांगायचं. मागच्या वर्षी एका मुलाने नुसता ओठाला लावला, तर त्याचं नाव तिथेच कापलं.

वत्सलाबाई: सांगी दे, आम्ही कोंबडी-मटन खातस नही.

भूमिका: विचारलं मी सरांना. ते म्हणाले, जी स्वतःचं रांधलेलं खात नाही, तिच्या हातचं पाहुण्यांनी का खावं? म्हणून आज मी खाणार आहे.

वत्सलाबाई: तुन्हा आजा नकोच म्हने. पोर हाटेलमा काय शिकी? तवय मी जबान दिन्ही त्यासले. पोर रांधी, खावाव नही. म्हनीसन तुले जाऊ दिन्हं.

भूमिका: माहीत आहे. म्हणून तर तुला न सांगता आले.

वत्सलाबाई: मन्ही जबान मोडस तू.

भूमिका: जबान तू दिलीस, आजी. मला कोणी विचारलंच नव्हतं.

वत्सलाबाई: कढईकडे देख.

भूमिका: उलटते आता. नाहीतर करपेल.

वत्सलाबाई: घाई करू नको. एक बाजू लाल व्हऊ दे.

भूमिका: फोन वाजतोय. आजी, तू घरी जा. तू काही पाहिलंच नाहीस, असं होईल.

वत्सलाबाई: पाहेल शे मी. खोटं कसाले बोलू? एक गोळा मोडीसन देख, आतमा गुलाबी ते नही ना?

भूमिका: नाही. पांढरा आहे.

वत्सलाबाई: मंग उचल फोन. मी बाजूले उभी ऱ्हास.

(व्हिडिओ कॉल संपतो.)

भूमिका: मीठ कमी होतं. तसंच सांगितलं मी त्यांना.

वत्सलाबाई: ऐकं मी.

भूमिका: कळवतो म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

वत्सलाबाई: चूळ भर. उलटी ते नही ना व्हई ऱ्हायनी?

भूमिका: नाही. आजोबांना मी सांगते, आजच.

वत्सलाबाई: जबान मन्ही व्हती. मी सांगसू.

भूमिका: ते बोलणारच नाहीत माझ्याशी.

वत्सलाबाई: नही बोलाव. चार दिन.

भूमिका: आणि संध्याकाळी देवापुढे दिवा? मी लावू?

वत्सलाबाई: आज मी लावसू. सकाळले न्हाईसन तू लाव.