पाच दिवस कार्डाविना

(म्हैसूर. विशेष मुलांच्या शाळेतली लहान खोली. सात वर्षांची पूर्वी कोपऱ्यात बसलेली. तिची आई अंबुजा आणि संशोधन करणारी विद्यार्थिनी वेदवती.)

अंबुजा : अहो मॅडम, कपाळ बघा तिचं! अंड्याएवढं टेंगूळ आलंय. आज तरी कार्ड परत देणार ना?

वेदवती : देणार, अंबुजाक्का. आज पाच दिवस भरले.

अंबुजा : सहा आठवडे पोरगी माणसांत आली होती. बोलता येत नाही, पण नको झालं की ते ‘थांबा’चं कार्ड आपल्या हातात ठेवायची, आपण थांबायचो. डोकं आपटणं जवळजवळ बंद. चांगलं चाललेलं मोडायची दुर्बुद्धी कुणाला सुचली?

वेदवती : मोडलं नाही हो, काढून बघितलं. कार्ड काढल्यावर आपटणं वाढलं आणि दिल्यावर परत कमी झालं, तरच ते कार्डामुळे हे सिद्ध होतं. नाहीतर माझे मार्गदर्शक सर म्हणतात, वयानं सुधारली असेल.

अंबुजा : वयानं! तुमच्या सरांना म्हणावं, एक दुपार हिचं डोकं मांडीवर घेऊन बसा.

वेदवती : तुम्ही संमतीच्या कागदावर सही केली होतीत...

अंबुजा : केली. शिकलेली माणसं सांगतात ते भल्याचंच असेल म्हणून केली. घरचंही कार्ड लपवा म्हणालात, तर देवाच्या फोटोमागे ठेवलं. दोन दिवस पोरीनं घर पालथं घातलं. माझ्या मुठी उघडून बघायची. तिसऱ्या दिवशी शोधायचं सोडलं.

वेदवती : हे मला का नाही सांगितलंत?

अंबुजा : तुम्ही विचारायचात, आज किती वेळा आपटलं. तेवढंच मी सांगायचे.

वेदवती : बरं, हे बघा, पिशवीतून कार्ड काढलं. पूर्वी, तुझं कार्ड! घे ना, पुट्टी, घे बाळ.

अंबुजा : घे गं बाई.

वेदवती : बघतच नाहीये. पूर्वी, हे मला दे, म्हणजे मी थांबते... अगं नको, नको, डोकं नको!

अंबुजा : धरा तिला! ते आपटणं मोजायचं यंत्र ठेवा आधी खाली!

वेदवती : कार्ड दिल्यावर कमी व्हायला हवं होतं, अक्का. बाकी सगळ्या मुलांचं होतं. देवा, काय करून बसले मी!

अंबुजा : रडा नंतर. हात धरा तिचे. हां, असे.

वेदवती : सरांना काय लिहून देऊ आता?

अंबुजा : लिहा, पोरीचा कार्डावरचा भरवसाच उडाला. शोधत होती तेव्हा आईनंसुद्धा दिलं नाही.