पहिला टाका

मंडळी, एक आवाज अजून माझ्या कानात आहे. ऐकून पन्नास वर्षं झाली. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर, आणि त्या घरघरीवर अलगद बसलेली ओवी —

दळण सरलं, पीठ पडे भुरूभुरू
हात कुणाचा गं, नको जात्याला विचारू

आवाज पुरुषाचा. आमच्या आळीतला एक माणूस. बायको गेलेली, घरात लेकरं, मग दळणार कोण? तोच दळायचा. बोळात पाऊल वाजलं की ओवी थांबायची. जातं मात्र लगेच थांबत नाही हो, एक फेरा जास्तीचा घेतंच. तेवढ्यावरून पोरं ओळखायची आणि खिदळायची.

आता मला सांगा. देव भक्ताघरी दळायला बसला, असं मी इथून म्हटलं की तुम्ही टाळ्या वाजवता. आणि शेजारचा माणूस बसला की हसता. का? काम बाईचं की बुवाचं, हे कामाला कधी विचारलंय कुणी? म्हणा रामकृष्णहरी, आणि ऐका. उत्तर मी देत नाही, आख्यान देईल.

कासारखिंड नावाचं गाव. तिथल्या कॉलेजात जाणाऱ्या सहा-सात पोरापोरींनी एक उद्योग काढला. कॅमेरा एकच, तोही मास्तरांचा जुना. गावातल्या कामांचे फोटो काढायचे, पण फक्त हातांचे. तोंड दाखवायचं नाही. सप्त्यात देवळाच्या मंडपात सुतळीला टांगायचे. खाली डबा. गावानं चिठ्ठी टाकायची — हात बाईचे की बुवाचे? शेवटच्या दिवशी फोटो उलटायचा, मागं नाव.

त्यांत एक तेजल. ती निघाली तालमीकडं, वस्तादांचा फोटो काढायला. वस्ताद म्हणजे यशवंता खोत. साठी उलटलेली, पण दंडावर अजून माती बसत नाही, घसरते. भर दुपार. तालमीमागच्या घराचं दार नुसतं लोटलेलं. पोरीनं ढकललं, तर वस्ताद पाय पसरून बसलेले. मांडीवर गोधडी. हातात सुई.

आणि कासारखिंडीत गोधडी म्हटली की नाव एकच — हौसाबाईंचं, वस्तादांच्या बायकोचं. पंचक्रोशीतल्या बाळंतिणी हौसाबाईंच्या गोधडीची वाट बघायच्या.

वस्ताद म्हणाले, “आत ये. दार लाव आधी.”

“आजोबा, फोटो काढू?”

वस्तादांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. मग म्हणाले, “हाताचा काढ. पर नाव लिहायचं न्हाई. तालमीतली पोरं माझ्या एका शब्दावर उठत्यात-बसत्यात. हातात सुई बघितली, तर त्यो शब्द ऱ्हाईल का?”

“न्हाई लिहिणार. हनुमंताची शपथ.”

फोटो टांगला गेला. आता गंमत बघा. वस्तादांची करंगळी एका कुस्तीत मोडलेली, बाभळीच्या काट्यासारखी बाहेर वळलेली. फोटोत ती स्पष्ट दिसते. त्याच हाताच्या थापा तालमीतल्या प्रत्येकाच्या पाठीनं खाल्लेल्या. तरी डबा उघडला तेव्हा एकशे बारा चिठ्ठ्या, आणि सगळ्यांवर एकच — बाई. अहो, टाका दिसला आणि करंगळी दिसायची बंद झाली. डोळे असे असतात आपले!

फोटो उलटला. पाठ कोरी.

“नाव कशाला पायजे?” बायका म्हणाल्या. “हौसाकाकूच. दुसरं कोण?”

आणि त्यांनी मानाचं ठरवून टाकलं. मंडपात नवी गोधडी अंथरली. खण-नारळ आणला. पहिला टाका हौसाकाकूंनी घालायचा, मग सगळ्यांनी मिळून शिवायची, देवाला पांघरायला.

हौसाबाईंच्या हातात ओवलेली सुई दिली. बाई नांगर धरणारी, बैल पाळीत नेमका वळवणारी. सुई अशी धरली, जशी विंचवाची नांगी धरावी.

“चष्मा न्हाई आणला गं.”

लगेच तीन चष्मे पुढं आले.

“हात धुऊन येते.”

तांब्या आला.

“काकू, आता लाजताय व्हय!”

हौसाबाईंच्या कपाळावर घाम. तेजलचे ओठ हलले. तिनं वस्तादांकडं पाहिलं आणि ओठ मिटले. शपथ होती. वस्ताद पोरांच्या गराड्यात, मान खाली.

इथं जरा थांबतो. तुमच्यातलं कोण कोण असं बसलंय? कुणी दार लावून भाकरी थापली. कुणी विहिरीवरची मोटार दुरुस्त केली आणि नाव नवऱ्याचं सांगितलं. हात वर करू नका. मनात करा.

तर वस्ताद उठले. फेटा काढून बाजूला ठेवला आणि गोधडीवर मांडी घातली.

“आण हिकडं. तिला टाका येत न्हाई. गुडघा मोडून सहा म्हैने पडून हुतो, तवा आईनं शिकवलं. तवापासनं मीच शिवतुया.”

भीमा म्हणून दांडगा पठ्ठ्या, त्याचं तोंड उघडंच. “वस्ताद, फोटोतला हात तुमचा?”

“वळखला न्हाईस? तुझ्या पाठीला इचार.”

हौसाबाई शेजारी टेकल्या. “सुटले बाई. तीस वर्सं लोकांच्या कौतुकाला माना डोलवून मानगूट दुखली माझी.”

काहीजण हसले. हसणारे हसून थांबले. टाका चालूच होता. थोड्या वेळानं भीमा वाकून म्हणाला, “वस्ताद, गाठ कशी मारायची?” तेजलनं पेन काढलं, कोऱ्या पाठीवर नाव लिहिलं.

आख्यान इथं संपलं. तुम्ही घरी जाल, दारं लावाल, लावलेल्या दाराआड आपापली कामं कराल. ती दारं उघडा एवढंच म्हणणार होतो. पण मग माझंही एक दार आहे.

चाळीस वर्षं या जागी उभा राहून मी ती ओवी म्हणतोय, आणि दर वेळी सांगतोय — आळीतला एक माणूस. बोळातली पोरं हसायची, तेव्हा मीही त्यांच्यात उभा राहून हसायचो. त्याच्याच पिठाची भाकरी खाऊन.

मंडळी, तो माझा बाप होता.