पुलाची रेघ

जपानच्या एदो शहरात, नदीच्या धक्क्यावर नावेची वाट पाहत माझ्यापुढे एक तरुणी आणि चित्रांचे लाकडी ठसे कोरणारे एक म्हातारे कारागीर उभे होते.

“यहेईकाका, बाबांचं शेवटचं चित्र परत द्या.”

“ओतोसे, चित्र फळीवर उलटं चिकटवूनच कोरतात. कोरताना कागद जातोच. चित्रकाराच्या लेकीला हे मी सांगायचं?”

“नक्कल चिकटवायची ठरली होती.”

“प्रकाशकाला घाई होती. यात्रेकरू निघायच्या आत प्रवासचित्रं दुकानात हवीत.”

“पुलाच्या रेघेत बाबांचा हात थरथरला होता. ती थरथर तरी कोरलीत ना?”

म्हातारा नदीकडे पाहू लागला.

“काका, मी विचारतेय.”

“पूल वाकडा दिसत होता, पोरी. मी रेघ सरळ केली.”

“मग खालचं त्यांचं नाव तासून टाका. तिथे तुमचं कोरा.”