ब्रॅन्सनला नेऊ नका

(नेब्रास्कातल्या एका शेतघराचा व्हरांडा. एप्रिलमधली कलती दुपार.)

जोलीन: ...आणि घोरतोसुद्धा. लिहा ना, थांबलात का?

हॉलिस: घोरण्यासाठी आमच्याकडे रकाना नाही, बाई.

जोलीन: मग आळशी म्हणून लिहा. हाका मारमारून माझा घसा बसतो, तेव्हा कुठे महाराज डोळे उघडतात! वर थंडीला भितो. तुमच्या लेकपोर्टला सरोवरावरून कसला गार वारा सुटतो म्हणे. छे, नाही टिकायचा तो तिथे.

हॉलिस: जोलीनबाई, फुटबॉल संघासाठी पोरं बघत गावोगाव हिंडण्यात माझा जन्म गेला. प्रत्येक घरी एक आई असते आणि तिचा लेक सोन्याचा असतो. पोटच्या पोराला नावं ठेवणारी आई मात्र आज पहिल्यांदाच भेटली.

जोलीन: खरं बोलणारी म्हणा! चिली घ्या अजून, खिमा भरपूर आहे तिच्यात. आणि तो दालचिनीचा रोल बुडवून खायचा असतो, नुसता बघत काय बसलात?

हॉलिस: बघतोय ते वर. केवढे करकोचे हे... संपतच नाहीत. इथे खुर्चीत बसल्या बसल्या मला कुणीतरी उचलून नेतंय असं वाटायला लागलंय.

जोलीन: नदीवर उतरतात दर वसंतात. आम्हाला त्याचं काही नाही. विषय बदलू नका.

हॉलिस: बरं. ब्रॅन्सन कुठाय?

जोलीन: गोठ्यात, बापाबरोबर. गाय अडलीय पहाटेपासून.

हॉलिस: आळशी पोरगा पहाटेपासून गाईपाशी बसलाय?

जोलीन: शब्दात पकडू नका हं मला!

हॉलिस: नाही पकडत. तुम्हीच सांगा काय ते.

जोलीन: सांगते. माझ्या पोराला नेऊ नका. सगळ्यांत जास्त हरलेल्या संघाने सगळ्यांत आधी पोर निवडायचं, हा कुठला न्याय हो? वर्षभर सपाटून मार खायचा आणि बॉल फेकणारा, देशातला सगळ्यांत चांगला क्वार्टरबॅक घेऊन जायचा. पोराला कुणी विचारतं का, बाबा रे, तुला तिथे जायचंय का?

हॉलिस: दुबळ्याच्या पानात आधी वाढायचं, असा नियम आहे.

जोलीन: वाढा की! पण जेवायला माझंच पोर सापडलं का? मी बघितलीय तुमची पुढची फळी. क्वार्टरबॅकच्या हातून बॉल सुटेपर्यंत त्या पाच दांडग्यांनी भिंतीसारखं उभं राहायचं ना? ती कसली भिंत, ते तर कुंपणाचं मोडकं फाटक. कुणीही यावं, ढकलावं, आत शिरावं. गेल्या वर्षी तुम्ही निवडलेल्या त्या पोराला स्ट्रेचरवरून नेलं, तेव्हा कॅमेऱ्यात त्याची आई दाखवली. मी टीव्ही बंद केला. पण ती बाई काही जात नाही डोळ्यांसमोरून. भांडी घासताना दिसते मला.

हॉलिस: तिच्याही घरी जेवलोय मी.

जोलीन: मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं? तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणतात. उद्याच्या बैठकीत म्हणा, हा पोरगा नको.

हॉलिस: म्हणेन.

जोलीन: काय?

हॉलिस: नको म्हणेन. येतानाच ठरवलं होतं. आधी भिंत उभी करावी, मग आत दिवा लावावा. नाहीतर वाऱ्याने विझणारच तो.

जोलीन: अहो, मग मला इतकं खोटं का बोलू दिलंत? आणि ठरलंच होतं तर आलात कशाला एवढ्या लांब?

हॉलिस: त्याच्या एका फेकीबद्दल कुणाला तरी सांगायचं होतं. बैठकीत कुणाला सांगणार? आमच्यासारख्याच्या हातात स्टॉपवॉच असतं, बाई. बॉल घेतला की दाबायचं, सुटला की दाबायचं. झोपेतही अंगठा हलतो माझा. त्या दिवशी बर्फ भुरभुरत होता, त्याने बॉल फेकला, आणि मी दाबायचं विसरलो. सामना संपला, लोक घरी गेले, तरी ते हातात चालूच होतं.

जोलीन: मला नाही माहीत ती फेक.

हॉलिस: तुम्ही होतात की तिथे. तिसऱ्या रांगेत, लाल टोपी.

जोलीन: होते. पण बॉल त्याच्या हातात आला की मी डोळे मिटते. लोक ओरडले की उघडते. शाळेपासून असंच चाललंय. त्याच्या बापालाही ठाऊक नाही.

हॉलिस: म्हणजे तुम्ही त्याला फेकताना कधीच...

जोलीन: नाही. कसं असतं ते?

हॉलिस: आधी तो थांबतो. चारी बाजूंनी डोंगराएवढी माणसं अंगावर धावून येतायत, आणि हा आपला अंगणात कुणाची वाट बघत असल्यासारखा उभा. मग हात वर जातो. त्यानंतर आवाजच नाही कसला. बॉल वर जातो, वर जातो, बर्फात दिसेनासा होतो. वाटतं, गेला, आता नाही येत. तिकडे लांब एक पोरगा मागे न बघता पळतोय. तो नुसते हात पुढे करतो, आणि बॉल त्याच्या हातात असतो. मला तर वाटलं मी मेलो, आणि फार बरं वाटलं.

जोलीन: इतकं छान असतं?

हॉलिस: इतकं छान.

जोलीन: आणि उद्या नको म्हणालात, की कारण विचारतील.

हॉलिस: विचारतील. भिंतीचं कारण मालकाला पटायचं नाही, त्याला दिवाच हवाय. मग एकच सांगता येईल. अंगावर आलं की पोरगा कचरतो. घाबरट आहे.

जोलीन: घाबरट?

हॉलिस: तेवढं एकच ऐकून घेतात ते. पण अशी गोष्ट दाराआड राहत नाही. बाकीच्या संघांपर्यंत जाईल. निवडीच्या दिवशी तो नवा सूट घालून तुमच्या शेजारी बसेल, सगळा देश टीव्हीवर त्याच्या तोंडाकडे बघत असेल, आणि एकेक नाव पुकारलं जाईल. दुसऱ्यांचं.

जोलीन: हे कुणी केलं, ते त्याला कळेल?

हॉलिस: कधीच नाही.

जोलीन: मला कळेल ना. मी तिथेच बसलेली असेन, त्याचा हात धरून. नाही हो. माझ्या पोराला घाबरट नका म्हणू.

हॉलिस: दुसरं काही चालणार नाही, बाई.

जोलीन: मग नको म्हणूच नका त्याला. मला जे सांगितलंत, तेच सांगा त्यांना. जसंच्या तसं.

हॉलिस: जोलीनबाई, तसं सांगितलं तर ते घेतीलच त्याला.

जोलीन: कळतंय हो मला.